पथ्याची उमेदवारी

पथ्य हा शब्द आमच्या घरांत कोणास नवा नाहीं. ताप उतरल्यावर पहिल्या दिवशीं पेज, दुसऱ्या दिवशीं मुगाचें कढण आणि तिसऱ्या दिवशीं आजीची नजर चुकवून चाखलेलें लोणचें, या क्रमानें आम्हां बहुतेकांचें बालपण गेलेलें आहे. जुन्नरचा म्हणून सांगितला जाणारा कविवैद्य लोलिंबराज यानें आपल्या 'वैद्यजीवन' ग्रंथांत पथ्याला औषधाहूनहि वरचें स्थान दिलें, आणि आमच्या वैद्यांनीं तें मत पिढ्यान्‌पिढ्या रोग्यांस ऐकविलें. परंतु पथ्य सांगणारा वैद्य आणि पथ्य रांधणारी बाई या दोघांमध्यें जें अंतर होतें, त्याचा विचार कोणीं फारसा केलेला दिसत नाहीं. वैद्यानें 'हलकें अन्न द्या' म्हणून सांगावें व उठून जावें. हलकें म्हणजे कशाचें, किती, केव्हां, आणि रोग्यानें तोंड फिरविलें तर पुढें काय, हें सारें चुलीपाशीं बसलेल्या बाईनें आपल्या अकलेनें ठरवावें, अशी वहिवाट होती. घरांत ती चालून गेली. रोगी घरांतून उठून रुग्णालयांत गेला आणि एका छपराखालीं शेंकडों रोगी एकत्र आले, तेव्हां ती मोडली.

हा विषय आमच्या मनांत शिरला तो एका पत्राच्या निमित्तानें. आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहांतील भोजनालयाची देखरेख कांहीं वर्षें आमच्याकडे होती. त्या काळांत एक विद्यार्थिनी तेथील हिशेब पाहत असे. हिशेबाबरोबर तिनें आपण होऊन आणखी एक वही घातली होती. जेवणें आटोपल्यावर ताटांत किती आणि काय उरलें, तें ती रोज त्या वहींत टिपून ठेवी. आम्हांला तो तिचा छंद वाटे. पुढें ती अमेरिकेस गेली आणि आहारशास्त्रांत तिनें पदव्युत्तर परीक्षा दिली. नंतर एके दिवशीं तिचें पत्र आलें. तिनें लिहिलें होतें कीं, या देशांत केवळ पदवी घेतल्यानें कोणी डाएटिशियन होत नाहीं. त्यापुढें इंटर्नशिप, म्हणजे आपल्याकडच्या भाषेंत उमेदवारी, करावी लागते. ती पुरी झाली म्हणजे परीक्षा आणि परीक्षेनंतर नांवाची नोंदणी. उमेदवारीच्या अर्जाबरोबर तीन शिफारसपत्रें लागतात, त्यांपैकीं तिसरें आपण द्यावें.

आमच्या मनांत प्रथम काय आलें तें सांगावयास संकोच वाटतो, तरी सांगतों. भाजी निवडावयास आणि भात शिजवावयास शिकण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें आम्हांस वाटलें. एखाद्या गोष्टीस हंसण्यापूर्वीं ती उत्पन्न कशी झाली हें पाहावें, असा नियम आम्ही इतिहासाच्या वर्गांत नेहमीं सांगतों. या वेळीं तो स्वतःस लावून पाहिला. त्यांतून जें हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

सन १८५४ मध्यें क्रिमियाच्या युद्धांत घायाळ झालेले इंग्रज शिपाई कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथल्या बराकींत आणून ठेवीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं तेथें काय केलें हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. त्यांच्या मागोमाग १८५५ मध्यें अलेक्सिस स्वायर नांवाचा एक फ्रेंच आचारीहि तेथें जाऊन पोहोंचला, ही गोष्ट मात्र क्रमिक पुस्तकांत सहसा नसते. हा गृहस्थ एके काळीं लंडनच्या रिफॉर्म क्लबांतला नामांकित पाकपंडित. त्यानें मुदपाकखान्यांत पाऊल टाकलें तों काय पाहिलें? प्रचंड कढया उकळत आहेत, त्यांत निरनिराळ्या दालनांच्या वांट्याचें मांस एकदम टाकलेलें आहे, आणि आपला तुकडा ओळखूं यावा म्हणून शिपायांनीं त्यास कोठें चिंधी, कोठें बटण, जें हातीं सांपडलें तें बांधलें आहे! कोणाचें मांस अर्धें कच्चें, तर कोणाचें शिजून दोरे झालेलें. स्वायरनें चुली बदलल्या, मापें ठरविलीं आणि शिपायांतूनच आचारी तयार केले. नाइटिंगेलबाईंनीं १८५९ मध्यें शुश्रूषेवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत अन्नास दोन प्रकरणें दिलीं. आणि अन्नाचा तुटवडा नसतांहि, तें कसें व केव्हां द्यावें याकडे लक्ष नसल्यामुळें हजारों रोगी उपासमारीनें खंगतात, असें स्पष्ट बजावलें. आमच्या मतें आहारतज्ज्ञाच्या धंद्याचें बीज येथें आहे. अन्न चुलीवरून उतरलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. तें रोग्याच्या पोटांत गेलें कीं नाहीं, हें पाहणारें माणूस पाहिजे.

यानंतर आपण फिलाडेल्फियास येऊं. हें नांव ऐकतांच मराठी वाचकास आनंदीबाई जोशी आठवतील. १८८३ मध्यें त्या त्या शहरीं गेल्या, तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं ११ मार्च १८८६ रोजीं मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला. परदेशच्या थंडींत त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. त्याच सुमारास त्याच शहरांत सारा टायसन रोरर नांवाची एक गृहिणी पाकशाळा चालवीत होती. तिला अमेरिकेंतील पहिली डाएटिशियन म्हणण्याचा प्रघात आहे. शहरांतील मोठमोठे डॉक्टर तिच्याकडे रोगी पाठवीत; औषधाच्या चिठ्ठीप्रमाणें पथ्याची चिठ्ठी तिच्या पाकशाळेंत येई आणि तींत लिहिल्याप्रमाणें अन्न तयार होऊन जाई. तिचें पाकशास्त्राचें पुस्तक निघालें तें १८८६ मध्येंच, म्हणजे आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षीं. या दोघींची कधीं भेट झाली होती असा आमचा दावा नाहीं. परंतु क्षयी, अशक्त, परक्या देशीं शाकाहारावर राहणाऱ्या मुलीला काय खावयास द्यावें, हा प्रश्न शास्त्राचा आहे, हें त्या शहरांतील एका पाकशाळेंत तेव्हां कळूं लागलें होतें, एवढी गोष्ट मनांतून जात नाहीं.

शास्त्र मागून आलें. विल्बर ॲटवॉटर यानें १८९० नंतरच्या दशकांत कनेक्टिकटमधील मिडलटाउन येथें माणूस आंत राहूं शकेल एवढी खोली उष्णतामापक म्हणून बांधली आणि खाल्लेल्या अन्नापासून किती उष्णता निर्माण होते हें मोजलें. बोस्टनच्या एलेन स्वॅलो रिचर्ड्‌सबाईंनीं रसायनशास्त्र स्वयंपाकघरांत आणलें. १८९९ मध्यें लेक प्लॅसिड येथें गृहशास्त्राच्या अभ्यासिकांची परिषद भरली, तींत 'डाएटिशियन' या शब्दाचा अर्थ ठरविण्यांत आला: अन्नाचें विशेष ज्ञान असून वैद्यकाची आहारविषयक गरज भागवूं शकेल ती व्यक्ति. शब्द ठरला, अर्थ ठरला. पण अशी व्यक्ति घडवावयाची कोठें, हा प्रश्न राहिलाच. महाविद्यालयांत प्रयोगशाळा होती, पण तेथें रोगी नव्हता. रुग्णालयांत रोगी होता, पण तेथील मुदपाकखान्यावर ज्याची सत्ता चाले, तो आचारी पदवीधर मुलीस उंबरठ्याच्या आंत घेण्यास राजी नव्हता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं यांतून एक मार्ग निघाला. गृहशास्त्र शिकलेल्या मुलींस कांहीं महिन्यांसाठीं रुग्णालयांत ठेवून घेऊं लागले. त्यांस 'प्यूपिल डाएटिशियन' म्हणत. तिची स्थिति मोठी चमत्कारिक असे. धान्य, मांस, भाजी खरेदी करावयाची तिनें. नोकरांचीं भांडणें मिटवावयाचीं तिनें. परिचारिकांस आजाऱ्याचा स्वयंपाक शिकवावयाचा तोहि तिनें. आणि इतकें करून तिची गणना कोठें? डॉक्टर तिला स्वयंपाकीण समजत, आचारी तिला मडमीण समजे, आणि परिचारिकांच्या मुख्य बाई तिला आपल्या राज्यांतील घुसखोर समजत. शिकलेल्या बाईनें चुलीजवळ जाणें हें तेथेंहि अधोगतीचें लक्षण मानीत होते, हें वाचून आमच्यांतील पुष्कळांस आश्चर्य वाटेल. तो समज एकट्या आमच्याच समाजाचा नव्हे.

त्या मुलींच्या मदतीस महायुद्ध धांवून आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९१७ मध्यें अमेरिका युद्धांत उतरली, अन्न जपून वापरण्याची निकड उत्पन्न झाली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत क्लीव्हलंड येथें शंभराच्या आसपास आहारतज्ज्ञ स्त्रिया जमल्या आणि त्यांनीं अमेरिकन डायटेटिक असोसिएशनची स्थापना केली. पुढाकार लेना कूपर आणि लुलू ग्रेव्ह्‌ज या दोघींचा. ग्रेव्ह्‌जबाई पहिल्या अध्यक्ष झाल्या. कूपरबाई मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या प्रसिद्ध आरोग्यधामांतून आलेल्या. तें डॉक्टर केलॉग यांचें, आणि तेथें मांसाहार वर्ज्य असे. तेव्हां या धंद्याच्या एका संस्थापिकेचें शिक्षण शाकाहारी मुदपाकखान्यांत झालें, हें आमच्या शाकाहारी वाचकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. या संस्थेनें १९२७ मध्यें उमेदवारीचे नियम आंखून दिले. आधीं अन्न व पोषण या विषयांतली पदवी, मग रुग्णालयांत आहारतज्ज्ञाच्या हाताखालीं निदान सहा महिने काम. पुढें ही मुदत वाढून बहुधा वर्षाची झाली. ज्या कामास काल मोलकरणीचें काम म्हणत होते, त्यास पदवी ही प्रवेशाची अट ठेवण्यांत त्या स्त्रियांचें धोरण उघड दिसतें. चुलीपासून दूर पळून मान मिळविण्याचा मार्ग त्यांनीं धरला नाहीं. मानाला त्यांनीं चुलीपाशीं बोलावून आणलें.

आतां या सहा महिन्यांत मुलगी शिकत तरी काय होती? याचें उत्तर द्यावयाचें तर मधुमेहाकडे वळलें पाहिजे. इन्शुलिन सांपडण्यापूर्वीं लहान मुलास मधुमेह होणें म्हणजे वर्षा-दोन वर्षांची मुदत मिळणें. डॉक्टर फ्रेडरिक ॲलन यानें उपासाची चिकित्सा काढली: लघवींतील साखर नाहींशी होईपर्यंत अन्न तोडीत जावयाचें. भाज्या तीन तीनदां पाणी बदलून उकडावयाच्या, कीं त्यांतलें पिष्ट निघून जावें. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ ही ॲलनची रोगी. तीन वर्षांहून अधिक काळ तिचा प्रत्येक घांस काट्यावर तोलला गेला. १९२२ च्या ऑगस्टांत टोरोंटोस डॉक्टर बँटिंग यांच्याकडे ती गेली तेव्हां तिला पंधरावें वर्ष पुरें होत होतें आणि वजन होतें अवघें ४५ पौंड. इन्शुलिननें ती वांचली आणि १९८१ पर्यंत जगली. बँटिंगचें नांव जगास ठाऊक आहे आणि तें योग्यच आहे. पण तें औषध येईपर्यंत त्या मुलीस जिवंत ठेविलें तें एका परिचारिकेच्या हातांतील काट्यानें.

इन्शुलिन आल्यावर काट्याचें काम संपलें असें कोणास वाटेल. घडलें तें उलट. औषधाची मात्रा आणि अन्नाची मात्रा यांचा मेळ बसला नाहीं, तर औषधच घातक होऊं लागलें. जास्त इन्शुलिन आणि कमी अन्न म्हणजे घाम, कंप, बेशुद्धि. म्हणून डॉक्टरानें लिहून द्यावें: पिष्ट १०० ग्रॅम, प्रथिन ६०, स्निग्ध १००. उमेदवार मुलीनें मनांत हिशेब मांडावा: चारशें, दोनशें चाळीस आणि नऊशें, एकूण उष्मांक १५४०. येथवर परीक्षेंत पास झालेली कोणतीहि मुलगी येऊं शकते. यानंतरचा भाग पुस्तकांत नाहीं. हे आंकडे म्हणजे भाकरी किती, लोणी किती, दूध किती, आणि तें तीन वेळच्या ताटांत कसें वांटावयाचें? रोग्यानें दुपारीं अर्धी वाटी ठेवून दिली तर संध्याकाळीं काय घालावयाचें? ताट परत आलें कीं उरलेलें पुन्हां तोलावयाचें, तेवढें बेरजेंतून वजा करावयाचें आणि डॉक्टरांस कळवावयाचें. मुलगी एका महिन्यांत मोठ्या मुदपाकखान्यांत असे, दुसऱ्यांत पथ्याच्या स्वतंत्र स्वयंपाकघरांत, मग रोग्यांच्या खाटांजवळ. वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयानें असा अभ्यासक्रम सुरू केला तो याच १९२२ सालीं.

बोस्टनच्या धर्मार्थ दवाखान्यांत फ्रान्सिस स्टर्नबाईंनीं १९१८ मध्यें जें अन्न-चिकित्सालय काढलें, त्याचा आम्हांस विशेष आदर वाटतो. या बाईंनीं एलेन रिचर्ड्‌स यांच्या हाताखालीं काम केलेलें होतें. दवाखान्यांत येणारे लोक गरीब, पुष्कळसे नुकतेच परदेशांतून आलेले: इटालियन, ज्यू, आणखी कोणी. त्यांच्या हातीं अमेरिकन पदार्थांचा छापील कागद ठेवणें व्यर्थ आहे, हें स्टर्नबाईंनीं ओळखलें. इटालियनास त्याच्या शेवयांत आणि ज्यूला त्याच्या धर्माच्या खाद्यनियमांत बसेल असेंच पथ्य सांगितलें पाहिजे. घरांत चूल कोणती, मिळकत किती, रांधतें कोण, हें आधीं विचारलें पाहिजे. तेथें काम शिकावयास येणाऱ्या मुलींस पहिला धडा हा मिळे. आमच्याकडील दवाखान्यांतून वरणभात खाणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातीं ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा तक्ता ठेवलेला आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. तक्ता करणाऱ्यास हा धडा मिळालेला नसावा.

परंतु या कथेची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ही उमेदवारी बहुतेक बिनपगारी असे. राहावयास खोली, जेवण आणि कपडे धुऊन मिळणें, हाच पुष्कळ ठिकाणीं मोबदला. रुग्णालयास पदवीधर मुलीचे दिवसभराचे श्रम जवळजवळ फुकट मिळत, आणि तीं त्यास शिक्षण म्हणत. शिक्षण होतें यांत संशय नाहीं. पण किती शिक्षण आणि किती राबवून घेणें, हा हिशेब कोणी मांडीत नव्हतें. ज्या घरीं मुलीच्या कमाईवर चूल पेटावयाची, त्या घरच्या मुलीनें पदवीनंतर आणखी एक वर्ष बिनपगारी कोठून काढावें? कृष्णवर्णीय मुलींस तर बहुतेक रुग्णालयांचीं दारें बंदच होतीं. त्यांना आपल्याच समाजासाठीं असलेल्या थोड्या रुग्णालयांत जागा शोधावी लागे. याच समाजांतील फ्लेमी किट्रेल या विदुषीनें १९३६ मध्यें कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. पोषणशास्त्रांत ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. आणि १९५० मध्यें त्या आल्या कोठें, तर बडोद्यास! महाराजा सयाजीरावांच्या नांवाच्या विद्यापीठांत, हंसाबाई मेहता कुलगुरु असतांना, गृहविज्ञानाच्या शाखेची घडी बसविण्यास त्यांनीं साहाय्य केलें. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतील आज्या-मावश्या त्या शाखेंत शिकल्या. ती उभारण्यांत कोणाचा हात होता हें त्यांतल्या किती जणींस ठाऊक असेल, देव जाणे.

आमच्या देशांत या शास्त्राचें मूळ रुग्णालयांत रुजलें नाहीं, तें रुजलें निलगिरीवरच्या कुन्नूर येथें. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं १९१८ मध्यें तेथें काम सुरू केलें. हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचें अन्न त्यांनीं उंदरांस घालून पाहिलें. त्यांत शीख पहिले, पठाण दुसरे आणि मराठे तिसरे आले. हा तिसरा क्रमांक अभिमानाचा कीं लाजेचा, हें ज्यानें त्यानें आपल्या ताटाकडे पाहून ठरवावें. त्यांच्यामागून आलेल्या ॲक्रॉइड यांच्या हाताखालीं १९३७ मध्यें हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची जी पुस्तिका निघाली, ती पुढें कित्येक वर्षें सर्वांच्या हातीं होती. ही संस्था १९५८ मध्यें हैदराबादेस हलली.

याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत कांहीं काळ साहाय्यक संचालकाच्या जागेवर होत्या डॉक्टर कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. त्या रुग्णालयांतील आहारतज्ज्ञ नव्हेत, जीवरसायनाच्या संशोधक. तरी अर्ज आणि उमेदवारी या विषयावर लिहितांना त्यांचें स्मरण टाळणें शक्य नाहीं. १९३३ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत अग्रभागीं येऊन त्यांनीं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. सर सी. व्ही. रामन यांनीं तो, मुलगी आहे एवढ्याच कारणास्तव, नाकारला. कमलाबाई घरीं बसल्या नाहींत. थेट बंगळुरूस गेल्या आणि कारण विचारीत राहिल्या. शेवटीं त्यांना घेतलें तें अटींवर: एक वर्ष परीक्षा पाहण्यासाठीं, काम पसंत पडलें तरच तें जमेस धरण्यांत येईल. दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनीं तेथें काम केलें, १९३६ मध्यें एम. एस्सी. घेतली आणि १९३९ मध्यें केंब्रिजची पीएच. डी. पुढें मुंबईच्या विज्ञान संस्थेंत असतांना नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनीं केलेलें संशोधन प्रसिद्धच आहे. त्या एक वर्षाच्या अटीबद्दल त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत असे. ज्या अटींतून त्या यशस्वीपणें पार पडल्या, ती अट न्याय्य होती असें पार पडल्यामुळें ठरत नाहीं.

१९६३ मध्यें इंडियन डायटेटिक असोसिएशन स्थापन झालें; डॉक्टर सी. गोपालन त्याचे पहिले अध्यक्ष. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठीं येथेंहि रुग्णालयांतील सहा महिन्यांची उमेदवारी आणि मग परीक्षा, असा मार्ग पडला. मात्र नोंदणी नसतांना आहाराचा सल्ला विकण्यास कोणाची आडकाठी नव्हती. २०२१ च्या कायद्यानें आहारतज्ज्ञांस मान्यताप्राप्त आरोग्यव्यवसायांच्या यादींत घेतलें. हें उशिरां झालें, तरी झालें याचा आम्हांस आनंद वाटतो.

अमेरिकेंत नोंदणी सुरू झाली १९६९ मध्यें. तेव्हांपासून उमेदवारी म्हणजे धंद्याच्या किल्ल्याचा एकुलता एक दरवाजा होऊन बसला, आणि दरवाजा अरुंद असला म्हणजे बाहेर गर्दी जमतेच. महाविद्यालयें पदवीधर काढीत गेलीं; रुग्णालयें उमेदवारांच्या जागा वाढवीनात. गेल्या शतकाच्या अखेरीस ही निवड संगणकाकडे सोंपविण्यांत आली. मुलींनीं आपल्या पसंतीच्या संस्थांचा क्रम लावावयाचा, संस्थांनीं मुलींचा, आणि यंत्रानें दोहोंची सोयरीक जुळवावयाची. लग्नाच्या बाजारांतील पत्रिका जुळविण्याशीं याचें साम्य कोणासहि दिसेल. २०१० च्या सुमारास अशी अवस्था झाली कीं अर्ज करणाऱ्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या वांट्यास कांहींच येईना. चार वर्षें शिकलेली, कर्ज काढलेली मुलगी दाराशींच उभी. कामाच्या तासांची किमान संख्या १२०० होती, ती २०२२ च्या नियमांनीं १००० झाली; पण १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेस बसण्यासाठीं पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरली. एका हातानें दिलें आणि दुसऱ्यानें घेतलें. पुष्कळ ठिकाणीं तर आतां उमेदवारच शुल्क भरतो. पूर्वींच्या मुलीस निदान खोली आणि जेवण मिळत होतें.

उमेदवारी नको असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यानें परत आलेलें ताट कधीं पाहिलें नाहीं, त्यानें पथ्य सांगूं नये, या मतापर्यंत आम्ही येऊन पोहोंचलों आहों. आमचें भांडण आहे तें त्या वर्षाचा खर्च कोणाच्या माथीं टाकला जातो याविषयीं. डॉक्टरीच्या उमेदवारास वेतन मिळतें, आहाराच्या उमेदवारास मिळत नाहीं. आणि पहिल्या धंद्यांत पूर्वापार पुरुषांचा भरणा, तर दुसऱ्यांत आरंभापासून स्त्रियांचा, हा योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां आमच्या विद्यार्थिनीविषयीं. तिच्यासाठीं आम्हीं लिहिलेलें पहिलें पत्र आमच्या पिढीच्या पद्धतीचें होतें: मुलगी बुद्धिमान आहे, विनयशील आहे, सुस्वभावी आहे, कुटुंब चांगलें आहे. सोबत गुणांचें एक कोष्टक भरावयाचें होतें; त्यांतील प्रत्येक रकान्यांत आम्हीं सर्वांत वरची खूण केली आणि कर्तव्य पार पाडलें असें मानलें. त्या वर्षीं तिला कोठेंच जागा मिळाली नाहीं. दोष सर्वस्वीं पत्राचा होता असें नव्हे. तरी तिनें पत्राचा दोष काढला नाहीं, म्हणूनच तो आम्हांस टोंचला. दुसऱ्या वर्षीं तिनें भीत भीत सुचविलें कीं, आपण मला काय काम करतांना पाहिलें तें लिहावें. आम्हीं बसून आठवूं लागलों. मग लिहिलें तें असें: एका पावसाळ्यांत या मुलीच्या वहीवरून आमच्या लक्षांत आलें कीं मंगळवारीं आणि शुक्रवारीं ताटांतली भाजी जवळजवळ सगळी परत येते, चौकशी केली तों त्या दिवशीं भाजी आदल्या दिवशीं चिरून ठेवलेली असे, तिनें आचाऱ्याशीं न भांडतां बाजाराचा दिवस बदलला, आणि पुढच्या महिन्यांत भाजी उरणें थांबलें. विशेषणें काढून टाकल्यामुळें पत्र निम्म्यानें लहान झालें.

त्या वर्षीं तिला जागा मिळाली. परवां तिचें पत्र आलें. पहिल्या दिवशीं ती नवा पांढरा कोट घालून गेली होती. वरिष्ठ बाईंनीं तिला रोग्यांकडे न पाठवितां, उष्टीं ताटें जेथें परत येतात तेथें उभें केलें आणि संध्याकाळपर्यंत फक्त पाहावयास सांगितलें. पत्राच्या शेवटीं तिनें विचारलें होतें कीं, वसतिगृहांतली ती जुनी वही अजून कोठें आहे काय. तेथील मुलींस दाखवावयाची आहे. वही भोजनालयाच्या कपाटांत, पावत्यांच्या गठ्ठ्याखालीं सांपडली. दोन पानें वाळवीनें खाल्लीं आहेत, बाकीचीं शाबूत आहेत. तिची नक्कल करवून आम्ही या आठवड्यांत पाठवीत आहों.